सगळे पाणी पितात

वन्सं, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि काल गावानं तुमची शोकसभा घेतली. तुमचा फोटो कुणाजवळ नव्हता. तुम्ही कधी काढूच दिला नाहीत. मग आबासाहेबांच्या देवघरातली सरस्वतीची तसबीर आणली, तिला झेंडूचा हार घातला, आणि जो तो त्या तसबिरीकडं बघून तुमच्याबद्दल बोलला. मी मागं बायकांत बसले होते. आंबलेल्या डाळीचा वास यावा तसं मला होत होतं. पदर नाकाला लावून बसले. शेजारणीला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवरून हात फिरवला. तो हातही मला नको वाटला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राधा, राग धरू नको. लेकरं त्यांचीच हायत." वन्सं, राग असता तर बरं होतं. रागात माणूस भांडतं, रडतं, मोकळं होतं. ही किळस आहे. ती घशाशी येऊन थांबली आहे आणि खाली जायला तयार नाही. म्हणून लिहायला बसले. लिहिता येतं ते तुमच्यामुळं, तेव्हा पहिलं लिहिणं तुमच्याच नावानं.

मी बाळापूरला लग्न होऊन आले तेव्हा मला माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. वसमतला दिलेल्या. तुमचे यजमान, आमचे भावजी, तिथं शिकवण्या करायचे आणि त्यांनीच तुम्हाला वाचायला शिकवलं होतं. ते गेले आणि तुम्ही एक ट्रंक घेऊन माहेरी परत आलात. ट्रंकेत भावजींची धोतरं आणि लेकरांच्या वाचनाची छापील पुस्तकं. मला वाटलं होतं, विधवा नणंद म्हणजे घरात एक जास्तीची सासू. तुम्ही आल्या आल्या जातं ओढायला बसलात आणि मला विचारलंत, "राधा, तुला वाचता येतं का गं?" मी म्हटलं, "न्हाई." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. चुकीचं शिकलेलं काढावं लागत न्हाई."

आपल्या ओसरीवर तुम्ही लेकरं बसवायला सुरुवात केली. सरकारी शाळेत सगळं उर्दूत. आपली लेकरं तिथं वर्ष वर्ष बसून घोकत, आणि घरी येऊन आईला एक ओळ समजावून सांगता यायची नाही. पण तुमची छापील पुस्तकंही कामाची निघाली नाहीत. ती कुठल्या तरी मोठ्या शहरात तयार झालेली. जहाजाचं चित्र दाखवलंत तर पाटलाच्या वाड्याकडचं एक पोरगं म्हणालं, "हळद शिजवायची कढई हाय ही." सगळी ओसरी हसली. तुम्ही हसला नाहीत. पुस्तक मिटलंत आणि बराच वेळ त्या मुलाकडं बघत राहिलात. संध्याकाळी भाकरी थापताना मला म्हणालात, "त्यानं बराबर सांगितलं. ज्याला जे ठाऊक तेच त्याला दिसणार. ठाऊक असलेलंच काढलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही भावजींची धोतरं ट्रंकेतून काढलीत आणि कात्रीनं सारख्या आकाराची पानं कापलीत. मी ओरडले. नवऱ्याची आठवण म्हणून एवढंच तर होतं तुमच्यापाशी. तुम्ही म्हणालात, "त्यांनी मला वाचायला शिकवलं. मंग ह्याहून चांगलं काय करू धोतराचं?" आपण दोघींनी त्या पानांना ज्वारीच्या पिठाची खळ दिली, वाळवली, पाट ठेवून दाबली. चित्रं काढली उस्मानचाचांनी. ते लुगडी रंगवायचे, त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तेच काम. हळदीचा पिवळा, कावेचा तांबडा, नीळ, काजळ, बस. ते काढता काढता तुम्हाला विचारायचे, "बहेन, बैल की पूँछ ऊपर या नीचे?" आणि तुम्ही गंभीर होऊन सांगायचात.

पहिलं पान होतं घर. पिवळ्याजर्द भिंती, दारात एक कोंबडी, खाली तुमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं 'घर'. मग वड. मग गवत. आधी सगळे शब्द बिनकान्याचे, मात्रा-वेलांटी काही नाही. मग कान, चाक, वाघ. मग हळूहळू दोन शब्द, तीन शब्द, आणि शेवटी शेवटी पूर्ण वाक्यं. धोतराच्याच सुतानं शिवलेलं ते पुस्तक लेकरांच्या मांडीवर बसायचं. पान फाटायचं नाही, उंदीर खायचा नाही, आणि लाळ पडली तर ओल्या फडक्यानं हलकं पुसता यायचं.

आणि आपलं भांडण तिथंच सुरू झालं. लेकरू चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं. गवताच्या पानावर 'चारा', वडाच्या पानावर 'झाड'. तुम्ही म्हणायचात, "चित्र बराबर वाचलंस. आता अक्षर वाच," आणि तळहातानं चित्र झाकायचात. मला ते पटायचं नाही. मी चुलीपासून उठून भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात उभी राहायचे आणि म्हणायचे, "झाकायचंच होतं तर काढलं काहून? एवढी मेहनत घेतली चाचांनी." तुम्ही म्हणायचात, "चित्र न्हाई तर ते जवळच येणार न्हाई. आणि चित्रच राहिलं तर ते पुढं जाणार न्हाई." मी म्हणायचे, लेकराच्या तोंडचा घास काढल्यासारखं दिसतं ते. शेवटपर्यंत आपलं जमलं नाही. तुम्ही अंथरूण धरल्यापासून मी शिकवते तेव्हा झाकत नाही, वन्सं. चित्रावरून अक्षरापर्यंत बोट फिरवते. दोन लेकरं लवकर शिकली, एक अजून 'झाड' म्हणतं. तुम्ही असतात तर त्या एकावरूनच मला टोकलं असतंत.

तशी दारात उभी राहूनच मी शिकले. तुम्ही मला कधी बसवलं नाहीत, बस म्हणालाही नाहीत. मी लाजेन हे तुम्हाला ठाऊक होतं. फक्त पुस्तक असं धरायचात की दारातून दिसावं. एक दिवस दुकानातून गुळाची पुडी आली. मी गूळ डब्यात काढला आणि कागद चुलीत टाकायला गेले तर त्यावरचा शब्द माझ्याकडं बघत होता. 'गवत.' मग पुढचा. मग पुढचा. कुठल्या तरी गावच्या गुरांच्या बाजाराची बातमी होती आणि ती अर्ध्यातच फाटलेली. पुढं काय झालं ते कळणारच नाही म्हणून मला भारी संताप आला. मी तुमच्याकडं तो कागद घेऊन धावत आले आणि म्हणाले, "ह्याचं बाकीचं कुठं हाय?" तुम्ही मला जवळ घेतलंत. आपल्या घरात बायका एकमेकींना जवळ घेत नव्हत्या.

शाळेला परवानगी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तालीम खात्याचे, म्हणजे शाळाखात्याचे, साहेब घोड्यावरून आपल्या दारात उतरले तेव्हा तुमचे भाऊ, म्हणजे आमचे मालक, आतल्या खोलीत गेले. साहेबांच्या डोक्यावर लाल टोपी, हातात छडी. त्यांनी पुस्तक मागितलं. पान पान उलटलं. मग समोर बसलेल्या सोनीला वाघाचं पान दाखवून म्हणाले, "ये शेर है?" सोनी वेशीबाहेरच्या वस्तीतली, तेव्हा दुधाचे दातही पडले नव्हते तिचे. ती म्हणाली, "शेर न्हाई जी. खाली वाघ लिवलंय." साहेब मोठ्यानं हसले. जाताना तुम्हाला म्हणाले, "घर में पढ़ाव बाई. बाहर तख्ती नको लगाव." आणि घोड्यावर बसून गेले. त्या साहेबांची भीती आपण कित्येक दिवस पोटात बाळगली होती.

घात झाला तो आपल्याच माणसांकडून.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांतलं एक पान होतं, 'सगळे पाणी पितात.' उस्मानचाचांनी मनानं काही रचलं नव्हतं. ते ओसरीवर बसून जे दिसलं ते काढत होते. आपला रांजण, भोवती लेकरं, आणि सोनी तांब्यानं सगळ्यांच्या ओंजळीत पाणी ओततेय. आबासाहेबांचा नातू कानातल्या भिकबाळीवरून ओळखू यायचा. तो ओंजळ धरून सगळ्यांत पुढं. पोरगं ते पान बघून हरखलं. घरी जाऊन सांगितलं, "माझं चित्र पुस्तकात हाय." आजोबा बघायला आले.

आबासाहेब म्हणजे गावातली निम्मी जमीन, आळीतला आड, आणि देवळाच्या पंचांतलं पहिलं नाव. ते पंचांना घेऊन आले, भटजींना घेऊन आले. ओसरीवर चढले नाहीत. अंगणात बाज टाकून बसले.

"बाई, हे असं होतं का इथं? का नुसतं चित्रच हाय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला केवढी जागा ठेवली होती त्यांनी तुमच्यासाठी. तुम्ही म्हणालात, "होतं. ज्याची पाळी तो पाणी ओततो. त्या दिवशी सोनीची पाळी होती."

"आमच्या लेकराच्या ओंजळीत?"

"तहान लागली होती त्याला."

मग त्यांनी ठरवून आणलेलं सांगितलं. पोरगी ओसरीवर दिसायची नाही, घराची शुद्धी करायची, पान काढायचं. तुमचे भाऊ हात जोडून उभे होते. 'व्हय जी, व्हय जी' करून राहिले होते. मी त्यांच्या ताटात अजून वाढते, वन्सं, पण ते जोडलेले हात मला ताटाशेजारी दिसतात.

भटजींनी तांब्यात कधीचं तरी गोमूत्र आणलं होतं. ओसरीवर शिंपडलं, रांजणावर शिंपडलं, आणि मग आबासाहेब म्हणाले, "पुस्तकावर पण." एकेक पान उघडून त्यांनी ते शिंपलं. शिंपलं कसलं, ओतलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, चुना लागावा तसं, हळदीचं घर लाल होत गेलं. पिवळ्या भिंतींवर सुकल्या रक्तासारखे ओघळ उतरले. काजळाचा वड पसरला. तो वास मी साबणानं धुतला, शिकेकाईनं धुतला. तो त्या कापडात राहिला तो राहिलाच. ह्याला ते शुद्ध होणं म्हणत होते! शेवटी आबासाहेबांनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि पाण्याच्या त्या पानाची शिवण त्यानं कातरली. पान घडी करून अंगरख्यात घातलं. आणि त्याच अडकित्त्यानं तिथंच बसून सुपारी फोडली, विडा लावला, तोंडात टाकला. मी बघत होते. तेव्हापासून मला विड्याचा वास चालत नाही.

तुम्ही ओलं पुस्तक वाळत घातलंत आणि आत जाऊन पडलात. मला वाटलं, तुम्ही मोडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वेशीबाहेर गेलात आणि सोनीचा हात धरून तिला भर बाजारातून घेऊन आलात. ओसरीवर तिच्या नेहमीच्या जागी बसवलंत. ओघळलेलं घराचं पान उघडलंत आणि म्हणालात, "वाच."

त्या दिवसापासून वरच्या आळीतली लेकरं यायची बंद झाली, आणि आळीतल्या आडाचा दोर आपल्यासाठी बंद झाला. सोनी राहिली, उस्मानचाचांची नात राहिली, दोनचार गरिबांची राहिली. मी तुमच्याशी रोज भांडायचे. ह्या लोकांच्या दारात जाऊन त्यांना ऐकवा, थुंका, काहीतरी करा. तुम्ही म्हणायचात, "राधा, थुंकून काय व्हईल? उद्या तीच लेकरं परत येतील. त्यांना आपल्याकडं यायला तोंड राहिलं पाहिजे." मी म्हणायचे, तोंड राहावं असं त्यांनी काय ठेवलंय? हेही भांडण अर्धंच राहिलं.

आपण ओढ्याचं पाणी प्यायला लागलो. पहिलं पावसाळ्याचं गढूळ, मग गुरांनी तुडवलेलं. यंदा भादव्यात राज्य बदललं, गावात मिरवणुका निघाल्या, आणि त्याच दिवसांत उस्मानचाचांच्या रंग कालवायच्या मातीच्या नांदी कुणी तरी रात्रीतून फोडल्या. कुणी ते गावाला ठाऊक आहे. चाचा कुटुंब घेऊन लेकीकडं वसमतला गेले. जाताना तुमच्या पायांशी काव आणि निळीच्या पुरचुंड्या ठेवून गेले. त्या ओढ्याच्या पाण्यानं तुम्ही तापात पडला होतात. डोळे उघडून विचारलंत, "चाचा, पुस्तकाचं काम राहिलंय की."

हकीमसाहेब आले. नाडी धरली, जीभ बघितली, घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन उजेडात बघितलं. म्हणाले, "दवा बाद में. पहले ये पानी बदलो."

मी घागर घेऊन आबासाहेबांच्या आडावर गेले, वन्सं. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, आडाला पाणी कमी आहे. आज सांगते. आडाला पाणी भरपूर होतं. बायका भरत होत्या. मी म्हटलं, "वन्सं तापानं फणफणल्यात. एक घागर द्या. मी शिवत न्हाई, तुमीच वरून ओता." आबासाहेबांची धाकटी सून द्वारका पुढं आली, दोर गोळा केला, खांद्यावर टाकला आणि घराकडं चालू लागली. बाकीच्या आपापल्या घागरी घेऊन तिच्यामागं निघाल्या. मी आडाच्या काठावर एकटी उभी. खाली पाणी दिसत होतं, त्यात माझं तोंड दिसत होतं.

पाणी आणलं शेवटी सोनीच्या आईनं, त्यांच्या वस्तीतल्या आडाचं, गाळून, उकळून. दारात ठेवून ती मागं सरायला लागली. तुम्ही अंथरुणावरून तिला आत बोलावलंत आणि तिच्याच हातानं प्यालात. ते पाणी चांगलं होतं. फक्त उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. खांदा द्यायला वरच्या आळीतून कुणी आलं नाही.

आणि काल तेच आबासाहेब उभे राहिले. खादीचं नवं उपरणं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाले, "परक्या राजवटीत ह्या गावानं मराठीची ज्योत तेवत ठेवली. कृष्णाबाईंच्या पाठीशी आमी खंबीर उभे राहिलो." लोकांनी माना हलवल्या. तुमचे भाऊ पुढं बसून मान हलवत होते. मग ते म्हणाले की सरकारकडून नवी शाळा येतेय, तिला तुमचं नाव देऊ, आणि ते कापडी पुस्तक काचेच्या कपाटात ठेवू. "त्यांच्या भावजयबाई इथं बसल्यात. त्या ते पुस्तक गावाच्या स्वाधीन करतील."

सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मी उठले.

"त्यातलं एक पान तुमच्या घरी हाय, आबासाहेब. ते आधी आणा."

मी पदर खोचला.

"आणि वन्सं पाण्यावाचून गेल्या. तुमच्या आडाला पाणी असताना गेल्या. हे भाषणात घाला."

आबासाहेब हसले. वन्सं, ते हसले! म्हणाले, "दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई." तुमच्या भावानं माझा दंड धरून मला बाहेर आणलं. मागं चहा वाटायला सुरुवात झाली होती. बशांचा आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

तुम्ही म्हणाला असतात, असं चारचौघांत बोलू नये. मी बोलले. यात मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही त्यांना माफ करून गेलात, ती तुमची थोरवी. माझ्यापाशी तेवढी नाही, आणि मला ती हवीही नाही. कुणाला तरी हे तोंडात कडू ठेवावं लागेल, नाही तर उद्या सगळं गाव म्हणेल की असं काही झालंच नाही.

आज दुपारी ओसरीवरची लेकरं घरी गेली आणि मी उष्टी भांडी गोळा करत होते. मागच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर द्वारका. डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. गल्लीत दोन्हीकडं बघत होती. मला वाटलं, सासऱ्यानं पुस्तक मागायला पाठवली.

"काय पाहिजे?"

तिनं पदर आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मला बी शिकवता का? घरात कुणाला कळू न देता. म्या अशीच दुपारची येत जाईन, मागच्या दारानं."

तिच्या खांद्याकडं माझी नजर गेली. दोर टाकलेला तोच खांदा, वन्सं. दार तिच्या तोंडावर लावावं असं मला वाटलं, आणि अर्धं लावलंही. ती तिथंच उभी राहिली. तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दार पूर्ण लावलं असतं.

"मागच्या दारानं न्हाई," मी म्हटलं. "यायचं तर पुढच्या दारानं ये. बाजारातून. सोनी बसते त्या ओसरीवर बसावं लागंल."

तिचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि गल्लीतून निघून गेली. मी दार लावलं. गेली ती गेली म्हटलं, आणि राख घेऊन भांडी घासायला बसले. तवा झाला, परात झाली. हात राखेनं भरलेले असताना पुढच्या दाराची कडी वाजली.